हातची भेट

दिवाळी चार दिवसांवर आली की अहिल्यानगरच्या कापडबाजारात पाऊल ठेवायला जागा उरत नाही. आसपासच्या खेड्यांतून आलेली माणसे दुकानांपुढे दाटीवाटीने उभी असतात. कपडे, पणत्या, रांगोळ्या, मिठाया आणि खेळणी यांच्या राशी लागलेल्या असतात. आईच्या कडेवरचे मूल एखाद्या चकाकत्या मोटारीकडे बोट दाखवते, वडील खिशातील पैसे चाचपतात, आणि शेवटी ती मोटार घरी येते. दोन दिवस घरभर तिचाच गलका असतो. तुळशीचे लग्न लागेपर्यंत तिचे एक चाक निखळलेले असते; आणि चंपाषष्ठीच्या सुमारास ती माळ्यावरील अडगळीत जाऊन पडते. तिच्या जाण्याचे फारसे दुःख कोणालाच होत नाही.

त्याच घरात कोनाड्यात किंवा जुन्या ट्रंकेत जपून ठेवलेली दुसरी एखादी वस्तू असते. ती दिसायला अगदी साधी असते. पणजीने आपल्या जुन्या लुगड्याचे शिवलेले दुपटे, काकांनी शाळकरी वयात कोरलेला भोवरा, किंवा मावशीने रंगीत कागद चिकटवून पाठवलेले एक पत्र. बाजारात नेली तर तिचे दहा रुपयेही येणार नाहीत. तरीही घर बदलताना किंवा पसारा आवरताना ती टाकून द्यावी असे कोणाच्या मनात येत नाही. जिला भरपूर पैसे पडले ती वस्तू अडगळीत जाते आणि जिला काहीच पैसे पडले नाहीत ती पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते; असे का व्हावे?

मराठी भाषेने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच एका शब्दात देऊन ठेवले आहे. 'भेट' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. दोन माणसे एकमेकांना भेटतात, ती भेट. आणि एकाने दुसऱ्याला प्रेमाने दिलेली वस्तू, तीही भेटच. वस्तू देताना देणाऱ्याचे मन घेणाऱ्याच्या मनाला भेटले पाहिजे, असे जणू भाषेनेच सुचवले आहे. दुकानातून वस्तू उचलून आणताना ही गाठ पडतेच असे नाही. परंतु स्वतःच्या हाताने वस्तू घडवताना ती पडल्यावाचून राहत नाही. कारण ज्याच्यासाठी ती घडवायची, त्याचा विचार केल्याशिवाय हात पुढे सरकतच नाही.

हे नीट समजण्यासाठी पाथर्डी तालुक्यातील एखादे साधे घर डोळ्यांसमोर आणावे. घरात आजी आहे, आईवडील आहेत. सातवीत शिकणारी एक मुलगी आहे, तिचा चार वर्षांचा भाऊ आहे आणि नुकतीच रांगू लागलेली आठ महिन्यांची धाकटी बहीण आहे. यंदाच्या दिवाळीत या दोघांना आपण काहीतरी द्यावे, असे ताईला मनापासून वाटते. पण तिच्याजवळ पैसे नाहीत. आणि वडिलांजवळ मागावे, तर पाऊस लांबल्यामुळे घरात आधीच ओढाताण आहे, हे तिला कळते. अशा वेळी पुष्कळ मुले हिरमुसून गप्प बसतात. "आपण काय देणार?" असे ती स्वतःलाच विचारतात आणि स्वतःच "काही नाही" असे उत्तर देतात. हे उत्तर चुकीचे आहे.

त्या घराच्या मागे कडब्याची गंज आहे. ज्वारी हे या जिल्ह्याचे जुने पीक. कणसे खुडून घेतली की उरलेली ताटे वाळवून गुरांसाठी रचून ठेवतात. या ताटाची वरची साल चिवट व गुळगुळीत असते आणि आतला गर हलका व मऊ असतो. निसर्गाने एकाच काडीत लाकूडही दिले आहे आणि खिळेही दिले आहेत. साल सोलून तिच्या टोकदार काड्या करायच्या. गराचे हवे तेवढे तुकडे कापायचे. आणि एका तुकड्यात काडी खोचून तिच्यावर दुसरा तुकडा बसवायचा. लोखंडाचा खिळा नको, सुतळी नको, डिंकही नको. अशा रीतीने बैलगाडी उभी राहते. तिला जू असते, साटा असतो, आणि कौशल्य असेल तर फिरणारी चाकेही असतात. दुष्काळी भागातील मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या अशा गाड्या केल्या आहेत. मात्र सालीची कड पात्यासारखी धारदार असते. म्हणून सोलण्याचे काम मोठ्या माणसाने किंवा त्याच्यादेखत करावे, आणि काड्यांची टोके गरात पुरती दडवावीत.

ताई जेव्हा ही गाडी करावयास बसते, तेव्हा तिला भावाची आठवण ठेवूनच काम करावे लागते. त्याची मूठ केवढी आहे? तो गाडी दोरीने ओढील की हाताने ढकलील? तो तिच्यात काय भरील? दगड भरील, हे तर ठरलेलेच. मग साटा बळकट हवा. हा विचार करता करता ज्या भावाला ती एरवी "मध्ये मध्ये करू नकोस" म्हणून दटावते, त्याच्याकडे ती नव्याने पाहू लागते. गाडी तयार होण्यापूर्वीच भेट सुरू झालेली असते.

धाकट्या बहिणीसाठी मात्र निराळा विचार करावा लागतो. आठ महिन्यांचे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते. तिला ज्वारीच्या काडीची गाडी देणे म्हणजे प्रेमापोटी इजा करणे होय. तिच्यासाठी जुन्या सुती कापडाचा चेंडू उत्तम. आत स्वच्छ धुतलेल्या चिंध्या घट्ट गुंडाळाव्यात, वर मऊ कापड चढवून बारीक टाक्यांनी शिवून टाकावे. बाहुली करावयाची असेल तर डोळ्यांच्या जागी गुंडी किंवा मणी लावू नये. दोऱ्यानेच डोळे भरावेत. चिंचोका, मणी, गुंडी यांसारखी लहान वस्तू तीन वर्षांच्या आतील मुलाच्या हाती पडली, तर ती घशात अडकून जिवावर बेतू शकते. पायाजवळची ही काळजी ज्या मुलीने घेतली, ती केवळ चेंडू शिवावयास शिकली नाही. लहान जिवाची जबाबदारी म्हणजे काय, हेही शिकली.

आणि आजीचे काय? आजीजवळ जुने लुगडे आहे. शेकडो वेळा धुतल्याने ते इतके मऊ झालेले असते की नव्या कापडाला तो मऊपणा येणे शक्य नाही. त्याचे थर एकावर एक घालून धावदोरा घातला की तान्ह्या बाळासाठी गोधडी तयार होते. थरांमध्ये हवा कोंडून राहते आणि त्यामुळे ऊब टिकते. गोधडीचे टाके एकटीने घालण्यापेक्षा दोघींनी घातले तर लवकर पडतात, आणि टाके घालताना गप्पाही होतात. आजीच्या लहानपणाच्या कितीतरी हकिगती अशा वेळीच बाहेर येतात. त्या गोधडीत बाळाला ऊब मिळते, आणि आजीला नातीची सोबत मिळते. भेट एकीची असली तरी लाभ दोघींना होतो.

घरच्या वस्तूसाठी साहित्य शोधण्यास फार लांब जावे लागत नाही. प्रत्येक ऋतू आपले साहित्य घेऊन येतो. पोळा जवळ आला की ओढ्याकाठची काळी माती बैल करावयास बोलावते. ही माती वाळताना आकसते, त्यामुळे नुसत्या मातीच्या बैलाला भेगा पडतात. तिच्यात थोडा बारीक भुसा किंवा चाळलेली वाळू मळली आणि बैल उन्हात न ठेवता सावलीत सावकाश वाळवला, तर तो टिकतो. परसात भेंडी लावलेली असेल, तर जून झालेली एखादी भेंडी देठाजवळ आडवी कापावी. तिचा छेद फुलासारखा दिसतो. तो रंगात बुडवून जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर उमटवला की भेटकार्डाची वेलबुट्टी तयार होते. दिवाळीत कामट्या, पतंगाचा कागद आणि पिठाची खळ यांतून आकाशकंदील होतो. उन्हाळ्यात चिंचा फोडल्या की चिंचोके मिळतात. ते घासून, फोडून मोठ्या भावंडांच्या पटावरील खेळाला फासे म्हणून वापरता येतात.

या सर्व गोष्टी करताना हात जे शिकतो, ते पुस्तकातील धड्याला पूरक असते. माती का आकसते, गोधडी ऊब का देते, चाक आसावर सैल का बसवावे लागते, हे विज्ञानाचेच प्रश्न आहेत. पुण्यातील 'आयुका' या संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे हेच कार्य केले. आगपेटीतील काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुने वर्तमानपत्र अशा टाकाऊ वस्तूंतून त्यांनी असंख्य खेळणी घडवली आणि ती कशी करावीत, हे देशभरातील मुलांना शिकवले. २०१८ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान देण्यात आला. खेळणे उघडून पाहता येते, पुन्हा जोडता येते, तेव्हाच मूल त्यातून शिकते, हे त्यांच्या कार्यावरून स्पष्ट होते.

यावर कोणी म्हणेल, "हे सर्व ठीक आहे, परंतु बाजारातील वस्तू अधिक देखणी असते. घरी केलेली वस्तू दुसऱ्यासमोर ठेवताना लाज वाटते." ही लाज अनेक मुलांच्या मनात असते आणि ती खोटी म्हणून उडवून लावणे योग्य नाही. वाढदिवसाच्या दिवशी इतरांनी चकचकीत कागदात गुंडाळलेल्या वस्तू द्याव्यात आणि आपण वर्तमानपत्रात गुंडाळलेली मातीची चिमणी पुढे करावी, हे सोपे नाही. त्याला धैर्य लागते. परंतु इतिहासातील एक प्रसंग लक्षात घेतला, तर हे धैर्य येण्यास मदत होईल.

१९४७ च्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ हिचा विवाह झाला. पुढे ती इंग्लंडची राणी झाली. तिच्या विवाहानिमित्त जगातील राजेमहाराजांकडून आणि धनिकांकडून हिऱ्यामाणकांच्या भेटी आल्या. महात्मा गांधींजवळ देण्यासारखे धन नव्हते. त्यांनी स्वतःच्या हाताने चरख्यावर सूत काढले. त्या सुताचे एक जाळीदार वस्त्र विणले गेले आणि त्याच्या मध्यभागी 'जय हिंद' ही अक्षरे गुंफण्यात आली. तीच त्यांची भेट. हिऱ्यांच्या शेजारी सुताचे वस्त्र ठेवण्यात गांधीजींना संकोच वाटला नाही. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या एका वृद्ध नेत्याचे श्रम त्या वस्त्रात होते. हिरे पैसे देऊन आणता येतात. हे श्रम कोणालाही विकत आणता आले नसते.

दुसरे उदाहरण तर तेरा वर्षांच्या मुलीचेच आहे. १९३० साली पंडित जवाहरलाल नेहरू अलाहाबादजवळील नैनीच्या तुरुंगात होते. त्यांची कन्या इंदिरा हिला तेरा वर्षे पूर्ण झाली. तुरुंगातून मुलीला कोणती वस्तू पाठवणार? हातात घेता येईल अशी भेट तेथून देता येत नव्हती. तेव्हा त्यांनी तिला पत्र लिहिले, आणि त्यानंतर जगाचा इतिहास सांगणारी पत्रे ते लिहीतच राहिले. तीन वर्षांत जवळजवळ दोनशे पत्रे झाली. तीच पुढे 'ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी' या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. याच नेहरूंना १९४२ साली अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवण्यात आले, आणि तेथेच १९४४ साली त्यांनी 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ लिहिला. ज्याच्याजवळ कागद आहे, लेखणी आहे आणि सांगण्यासारखे काही आहे, त्याला देण्यासारखे काही नाही, असे कधीच म्हणता येत नाही. आजोबांना वाचता येत नसेल, तर नातवाने त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात आणि लहान भावंडांना वाचून दाखवाव्यात. वहीच्या चार पानांची ही भेट घरातील सर्व पिढ्यांना पुरेल.

दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. सर्वांनीच घरी वस्तू करावयाच्या ठरवल्या, तर कुंभार, विणकर, सुतार, बुरूड यांनी काय करावे? त्यांचे पोट कसे चालावे? या आक्षेपाचे उत्तर शोधताना, ज्यांचे नाव या जिल्ह्याला २०२४ साली देण्यात आले, त्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी या गावी झाला. पुढे नर्मदेच्या काठी महेश्वर येथून त्यांनी १७६७ ते १७९५ पर्यंत राज्यकारभार केला. त्यांनी महेश्वर येथे विणकरांना आणून वसवले. दरबारी येणाऱ्या पाहुण्यांना भेट देण्यासाठी तेथे लुगडी व पागोट्यांची वस्त्रे विणली जात, असे सांगतात. महेश्वरची लुगडी आजही प्रसिद्ध आहेत. भेट द्यावयाची, तर ती आपल्या माणसांच्या हातची असावी. आणि ज्यांचे हात कुशल आहेत त्यांना काम मिळावे, हा विचार त्यामागे दिसतो.

स्वतः वस्तू घडवणारे मूल कारागिराचे शत्रू होत नाही. उलट तेच त्याचे खरे मित्र होते. ज्याने एकदा मातीचा बैल करून पाहिला आणि त्याचा पाय तीन वेळा गळून पडलेला अनुभवला, त्याला कुंभाराच्या हातातील कसब कळते. ज्या मुलीने गोधडीचे हजार टाके घातले, ती विणकराशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणार नाही. घरी करता येईल ते घरी करावे. जे करता येत नाही ते कारागिराकडून आदराने विकत घ्यावे. या दोन्ही गोष्टींत विरोध नाही.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. घरच्या खेळण्यांचे कौतुक करताना गरिबीचे कौतुक होऊ नये. याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी उसाचे हिरवे मळे आहेत. आणि याच जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडतात. फडाजवळ पाचटाच्या कोप्यांत त्यांचा मुक्काम पडतो. आईवडील पहाटेच ऊस तोडावयास जातात, आणि कित्येकदा दहा-अकरा वर्षांची मुलगी मागे राहून धाकट्या भावंडाला सांभाळते. तीही उसाच्या चिपाडाचे खेळणे करून त्याला रिझवते. तिचे प्रेम थोर आहे, यात शंका नाही. परंतु तिची जागा त्या वेळी शाळेत आहे. "खेळणे किती सुंदर केले!" असे म्हणून समाजाने आपले कर्तव्य संपले असे समजू नये. हातांनी वस्तू घडवणे ही आवड असावी. शाळा सुटल्यामुळे नशिबी आलेली सक्ती नसावी.

तसेच घरी केलेल्या वस्तूविषयी एक गैरसमजही दूर केला पाहिजे. "घरचीच आहे, कशीही केली तरी चालेल" असे काही जण मानतात. हा विचार घातक आहे. गाडीचे चाक निघून येत असेल, चेंडूची शिवण उसवत असेल, भेटकार्डावरील अक्षर वाचता येत नसेल, तर करणाऱ्याने घेणाऱ्याचा पुरेसा विचार केला नाही, असाच त्याचा अर्थ होतो. दिसण्यात उणीव असली तर चालते. काळजीत उणीव असली तर चालत नाही. दुसरा दोष याच्या उलट आहे. काही मुले घरी वस्तू करावयाची म्हणून दुकानातून चमकी, रंगीत फिती, चिकट कागद आणि सजावटीचे नाना प्रकार विकत आणतात. त्यांचा खर्च विकतच्या खेळण्याहून अधिक होतो, आणि चार दिवसांनी तो सारा पसारा कचऱ्यात जातो. थर्माकोलची सजावट तर इतकी साचून राहू लागली की २०१८ साली महाराष्ट्र शासनाला तिच्यावर बंदी घालावी लागली. जे घरी आहे, परसात आहे, ओढ्यावर आहे, त्यातूनच घडवावे. आणि काम संपल्यावर ते मातीला परत जाईल असे असावे.

मातीला परत जाऊनही जी संपत नाही, अशीही एक भेट आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या राहीबाई पोपेरे यांना शाळेत जाण्याची संधी मिळाली नाही. परंतु गावठी वाणांचे बी नाहीसे होत चालले आहे, हे त्यांनी ओळखले. भात, वाल, नागली, रानभाज्या आणि वेलभाज्या यांचे जुने बियाणे त्यांनी गोळा केले, आपल्या घरी जतन केले आणि इतर शेतकऱ्यांना दिले. लोक त्यांना 'बीजमाता' म्हणू लागले. २०२० साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. घरातील बियांची मोठी राखण त्यांनी केली. तशी लहान राखण कोणत्याही शाळकरी मुलाला करता येईल.

वेलीवरचा एक दोडका किंवा घेवड्याची एक शेंग जून होऊ द्यावी. आतील बिया काढून सावलीत चांगल्या वाळवाव्यात. ओलसर बी बुरसते आणि उगवत नाही, म्हणून घाई करू नये. मग जुन्या वहीच्या कागदाची पुडी करावी, तिच्यावर बियांचे नाव, काढल्याचा महिना आणि पेरावयाचा महिना सुवाच्य अक्षरांत लिहावा. शेजारी, पाहुणे किंवा नव्या घरी राहावयास गेलेले कुटुंब यांना द्यावयास यासारखी भेट नाही. पावसाळ्यात ती रुजते, वेल मांडवावर चढते, आणि त्या घरातील लहान मूल रोज सकाळी उठून कोंब किती वाढला हे पाहावयास धावते. पुढच्या वर्षी तेच घर आणखी कोणाला तरी पुडी देते.

पाथर्डीच्या त्या घरातही दिवाळी येते. भाऊबीजेच्या दिवशी ताई भावाला ओवाळते आणि त्याच्या हातात ज्वारीच्या ताटाची गाडी ठेवते. अपेक्षेप्रमाणे तो तिच्यात दगड भरतो, आणि अपेक्षेप्रमाणे तिसऱ्या दिवशी तिचे एक चाक मोडते. येथेच विकतच्या आणि घरच्या वस्तूतील खरा फरक दिसून येतो. विकतच्या मोटारीचे चाक मोडले तर मुलाने रडावे, एवढाच उपाय असतो. हे चाक मोडले तर गंजीतून आणखी एक ताट काढता येते. ताई ते सोलावयास बसते आणि भाऊ तिच्या गुडघ्याशी बसून पाहू लागतो. गराचा तुकडा कसा कापला, काडी कोठे खोचली, चाक फिरते की नाही हे कसे तपासले, हे सारे तो डोळ्यांत साठवतो. मग तो एक काडी हातात घेऊन स्वतःच खोचू पाहतो. ती वाकडी बसते. ताई ती काढून देत नाही. पुन्हा एकदा खोचावयास सांगते.

आणखी काही वर्षांनी तो मोठा होईल. तोपर्यंत रांगणारी बहीण चालू लागलेली असेल, आणि कडब्याची गंज परसात असेलच. तेव्हा तिला गाडी कोण करून देणार, हे त्या घरात कोणाला विचारावे लागणार नाही.